तळ्याकांठचें उद्यान आणि नव्या इमारती

अमरकोशांत 'आराम' आणि 'उपवन' हे शब्द एकाच अर्थानें दिले आहेत: मनुष्यानें मुद्दाम लावलेलें वन. ज्या स्थळीं मन रमतें तो आराम, अशी त्याची व्युत्पत्ति. ठाण्यांतील एका तलावाचें नांवच उपवन आहे. तेथें सायंकाळीं घटकाभर बसलेल्या मनुष्यास ही व्युत्पत्ति निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. म्हणून तळ्याकांठच्या उद्यानांत नवी इमारत बांधण्याचा बेत निघतो, तेव्हां पहिला प्रश्न हाच कीं, ती इमारत ह्या आरामास साह्य करील, कीं त्याची जागाच बळकावील?

कांठावरची प्रत्येक इमारत वाईट, असें म्हणणारांपैकीं मी नव्हे. मासुंदा तलावाच्या कांठीं कोपिनेश्वराचें देवालय आहे. त्याच तलावाकांठीं सन १९७८ मध्यें गडकरी रंगायतन उभें राहिलें. आजोबांपासून नातवंडांपर्यंत ठाणेकरांनीं तेथें नाटकें पाहिलीं आहेत, आणि शहराची एक खरी गरज त्या वास्तूनें भागविली आहे. परंतु त्याच रंगायतनाचें अलीकडे मोठें नूतनीकरण करावें लागलें, हेंही ध्यानांत ठेवणें बरें. इमारत बांधून खर्च संपत नाहीं. तेथून तो सुरू होतो.

कांहीं वर्षांपूर्वीं तळ्याकांठच्या एका उद्यानांत वाचनालय बांधावें, अशा अर्जावर मींही सही केली होती. शिक्षकास पुस्तकांचा मोह आवरत नाहीं. घरीं तो अर्ज मोठ्या हौसेनें वाचून दाखविला, तेव्हां आमच्या सूनबाई म्हणाल्या, "अप्पा, तिथं बायकांसाठी साधं स्वच्छतागृहसुद्धां नाहीं. वाचायला म्हणून बसायचं तरी किती वेळ?" मी निरुत्तर झालों. अर्ज पुन्हा उघडून पाहिला, तों त्यांत एकाही स्त्रीची सही नव्हती.

त्या रात्रीं विचार करतां एक कसोटी हातीं लागली. ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, कल्याणास सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे. दोहोंचें कार्य ग्रंथांवर चाललें आहे, तळ्यावर नव्हे. पुस्तकें कोठेंही ठेवतां येतात; तळें मात्र उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं. तेव्हां जें अन्यत्र होऊं शकतें तें कांठावर नको. सभागृह, उपाहारगृह, प्रदर्शनाचें दालन हीं अन्यत्र शोभतील. स्वच्छतागृह, रखवालदाराची खोली आणि पावसांत उभें राहण्यापुरता आडोसा हीं मात्र उद्यानांतच हवींत. कल्याणास काळ्या तलावाभोंवतीं किंवा ठाण्यास कचराळीभोंवतीं पहांटे फिरणारांस सभागृहाची उणीव भासत नाहीं. पाय दुखणाऱ्या वृद्धास बांकाची आणि सांवलीची मात्र भासते.

दुसरी कसोटी पाण्याची. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. ठाण्यांत वर्षाकांठीं सुमारें २,५०० मिलीमीटर पाऊस पडतो. म्हणजे ५०० चौरस मीटरांच्या छपरावरून सुमारें साडेबारा लाख लिटर पाणी उतरेल. तें गाळून तळ्यांत सोडणार, कीं गटारांत? सभोंवार फरशी घातली तर जमिनींत मुरणार किती? आणि स्वच्छतागृहाची, उपाहारगृहाची मोरी कोणत्या नळानें कोठें जाणार? सांडपाण्यांतील नत्र आणि स्फुरद तळ्यांत उतरले म्हणजे शेवाळ माजतें. तें कुजूं लागलें कीं पाण्यांतील प्राणवायु कमी होतो आणि मासे मरून तरंगूं लागतात. नकाशावर दर्शनी भागाचें रंगीत चित्र असतें. शहाण्यानें तें बाजूस सारून आधीं नळाची रेघ शोधावी.

तिसरी कसोटी न्यायाची. बंगळूर येथें उद्यानासाठीं राखलेली जागा एका खाजगी रुग्णालयास देण्यांत आली होती. तें देणें रद्द ठरविणारा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९९१ मध्यें कायम केला. रुग्णालय हें लोकोपयोगी खरेंच. तथापि उद्यान गिळण्यास तेवढें कारण पुरेसें नव्हे. तळीं ही समाजाची सामाईक संपत्ति होय, असेंही त्याच न्यायालयानें २००१ मध्यें उत्तर प्रदेशांतील एका तळ्याच्या खटल्यांत सांगितलें. शिवाय विकास आराखड्यांतील उद्यानाचें आरक्षण बदलावयाचें झाल्यास, १९६६ च्या नगररचना अधिनियमाप्रमाणें लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्या मुदतींत जो घरीं बसला, त्यानें मागाहून हळहळून काय उपयोग?

यास्तव वाचकांस एवढीच विनंति कीं, असा नकाशा पाहावयास जातांना एकट्यानें जाऊं नये. घरांतील आजी, सून, शाळकरी नातवंडें यांस बरोबर न्यावें. आजी पायरीला कठडा आहे का, हें पाहील. नातू पतंग उडविण्यास मोकळी जागा किती उरली, तें विचारील. हे प्रश्न आम्हां पुरुषांस बहुधा सुचत नाहींत.

मीं पुढें दुसरा अर्ज लिहिला. वाचनालयाचा उल्लेख काढून तेथें स्वच्छतागृह, बांक आणि झाडें मागितलीं. त्यावर पहिली सही सूनबाईंची आहे, माझी तिच्याखालीं.