परलोकीचा वाटाड्या

मृत्यूनंतरच्या अनोळखी वाटेवर आपल्याला सोबत कोण करील, हा प्रश्न मानवाला पुरातन काळापासून पडत आला आहे. प्राचीन ईजिप्तच्या लोकांचे त्यावरील उत्तर होते अनुबिस. या देवाचे शरीर मनुष्याचे व मस्तक कोल्ह्याचे असे. वाळवंटाच्या कडेच्या दफनभूमीत कोल्हे हिंडत. ज्यांचे भय वाटे, त्यांच्याच रूपात लोकांनी मृतांचा रक्षक पाहिला असावा.

हुनेफर नावाच्या राजलेखकाचे, इ. स. पूर्व १२७५ च्या सुमारास पपायरसवर काढलेले एक चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात अनुबिस हुनेफरचा हात धरून त्याला तराजूकडे नेत आहे. एका पारड्यात हुनेफरचे हृदय आहे. दुसऱ्यात सत्याची देवता मात हिचे पीस आहे. हृदय पापाने जड ठरले, तर जवळच बसलेली मगरमुखी अम्मित ते गिळून टाकणार! आणि तराजू पारखणारा कोण? तोही अनुबिसच.

वाटाड्या प्रेमाने हात धरी. परंतु तोलात तिळमात्र फरक करीत नसे. हृदय हलके ठेवणे हे ज्याचे त्याने जिवंतपणीच करावयाचे काम होते.