काडी, बूच आणि काचेची नळी

मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी चक्क सहा आसनांचं विमान बांधलं! २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडलं गेलं, २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. घरी विमान बांधणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न उभा राहतो: टाकीत पेट्रोल किती उरलंय, हे कळणार कसं?

एक काडी पुरते. ट्रॅक्टरच्या टाकीत काडी बुडवून डिझेल बघणं गावाकडे कुणाला नवं नाही, इथेही तेच. रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर ओतत जायचं आणि दर वेळी काडीवर खूण करायची. पण या खुणा सारख्या अंतरावर पडत नाहीत! टाकी बहुधा पंखात असते, आणि पंखाचा आकार चौकोनी डब्यासारखा नसतोच मुळी. शेपटीखाली चाक असलेलं विमान तर जमिनीवर नाक वर करून उभं राहतं. त्याच्या खुणा तशाच तिरक्या अवस्थेत करायला हव्यात.

मग उडताना काय? जुन्या पायपर कब विमानाची टाकी वैमानिकाच्या काचेपुढेच होती. पेट्रोलवर बुचाचा तुकडा तरंगायचा, त्यात खोचलेली तार झाकणातून बाहेर डोकावायची. पेट्रोल उतरेल तशी तार बुटकी होत जाई. वीज नाही, काटा नाही!

माझी सर्वांत आवडती युक्ती मात्र पारदर्शक नळीची. तिचं खालचं टोक टाकीच्या तळाला, वरचं टाकीच्या माथ्याला जोडायचं. नळीत आणि टाकीत पातळी एकच राहते. पण स्वच्छ पेट्रोल नळीत दिसणार कसं? नळीमागे थोडं अंतर ठेवून तिरप्या रेघांची पट्टी लावायची. नळीच्या रिकाम्या भागातून रेघा जशाच्या तशा दिसतात, भरलेल्या भागात त्या उलट्या बाजूला कलतात! पेट्रोलचा तो बारीक स्तंभच भिंग होतो. खरं वाटत नाही? पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासामागे वीतभर अंतरावर कागदावरचा आडवा बाण धरा. त्याचं टोक फिरलेलं दिसेल.

पातळी बरोबर कळली, तरी पुढचा हिशेब चुकू शकतो. १९८३ मध्ये कॅनडात एका बोइंग ७६७ चे इंधनाचे काटे बंद होते. टाक्यांचं मोजमाप पट्टीने झालं, आणि ते अचूक होतं. पण लिटरचं वजन काढताना किलोऐवजी पौंडाचा आकडा वापरला गेला. गरजेच्या निम्म्याहून कमी इंधनावर निघालेल्या विमानाची दोन्ही इंजिनं हवेतच थांबली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली इथे उतरवलं, सगळे वाचले.