गुरुवारचा प्रयोग तेवढा उरला

मैफल संपली की संपली, हे गाणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्याला निराळे शिकवावे लागत नाही. वडील दरबारात गात. त्या गाण्यातला एक स्वरही आज कोठे राहिलेला नाही. म्हणूनच विलायतेतील एका नाटकाची हकीकत रसिक वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

जॉर्ज ऑर्वेलचा जन्म १९०३ सालचा, आपल्या बिहारमधील मोतिहारीचा. त्याच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीवरून नायजेल नील यांनी बी.बी.सी.साठी दूरचित्रवाणी नाटक लिहिले. दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टियर. नायक विन्स्टन स्मिथ झाले पीटर कुशिंग. रविवार, १२ डिसेंबर १९५४ रोजी लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओतून ते प्रक्षेपित झाले. काही तुकडे आधी चित्रित केलेले होते. बाकी सुमारे दोन तासांचा खेळ नटांनी त्याच वेळी उभा केला. पार्श्वसंगीतही तबकडीवरचे नव्हे. जॉन हॉचकिस शेजारच्या स्टुडिओत वाद्यवृंद घेऊन बसले होते. गायक एका दालनात आणि साथीदार दुसऱ्यात, अशी मैफल सांभाळणे किती अवघड, हे साथ करणाऱ्यांनाच विचारावे!

नाटकातील छळाच्या दृश्यांनी मोठा गहजब झाला. तक्रारी आल्या, पार्लमेंटात ठराव मांडले गेले. उलट, राणीला व आपल्याला नाटक आवडले, असे प्रिन्स फिलिप यांनी सांगितले. गुरुवारी, १६ तारखेला, ते पुन्हा दाखवायचे ठरले होते. त्या काळी ‘पुन्हा दाखवणे’ म्हणजे नटांनी पुन्हा सारे करणे. हा दुसरा खेळ सुमारे सत्तर लाख लोकांनी पाहिला. पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून त्याचे चित्रण करून ठेवले गेले, म्हणून तो उरला. रविवारचा खेळ मात्र हवेत विरून गेला.

उरला तरी घरी आणून पाहण्याची सोय नव्हती. व्हिडिओ फिती आल्या, डीव्हीडी आली. मध्यंतरी घोषणा होऊनही प्रकाशन मागे पडले. ऑर्वेल १९५० साली वारला, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्याच्या लेखनावरील हक्काची मुदत २०२० अखेर संपली. अखेर एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने हे नाटक डीव्हीडी व ब्लू-रेवर काढले. मधे सदुसष्ट वर्षे गेली!

या नाटकातील विन्स्टनचे काम काय, तर जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर बदलून जुना पुरावा नष्ट करणे. पुरावा नाहीसा झाला की झालेली गोष्टही झाली नव्हती असे म्हणता येते, हे त्याला पक्के ठाऊक आहे. आपल्याकडे कोणी मुद्दाम काही पुसले नाही. आपण नुसते जपले नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका नाही. आज आम्ही शिष्यांना त्यांच्या गायकीबद्दल सांगतो ते ऐकीव.

आपल्यापैकी अनेकांच्या वाड्यांतील माळ्यांवर जुन्या टेपची रिळे असतील. घरगुती बैठकीत, लग्नकार्यात, उत्सवात कोणी तरी केलेले ते मुद्रण असेल. ओलीने ती चिकटतात, बुरशी धरतात, आणि वाजवणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. वाडा विकताना ती भंगारात देण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवावीत, एवढीच विनंती. आपल्या आजोबांच्या काळचा एखादा गुरुवार त्यांत अजून शाबूत असेल.