फोन वायफायला जुळत नाही तेव्हा

आता खेड्यांतही पुष्कळ घरांत वायफायचा डबा आला आहे. भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. त्याचे बारीक दिवे रात्रंदिवस लुकलुकत असतात. या डब्याला राऊटर म्हणतात. घरातले फोन त्याला बिनतारी जुळतात आणि इंटरनेट चालते. पण एखादे दिवशी एखादा फोन हटून बसतो. काही केल्या जुळत नाही. मग कोणी फोन आपटतो, कोणी डब्याला थापट्या मारतो, कोणी म्हणतो, "बिघडला! तालुक्याला न्या." आम्ही म्हणतो, एसटी धरण्याआधी जरा थांबा. पुष्कळदा फोनही धड असतो आणि डबाही धड असतो.

आधी हे समजून घ्या की येथे जोड दोन आहेत. पहिला जोड फोनापासून डब्यापर्यंत. तो हवेतून आहे. दुसरा जोड डब्यापासून बाहेरच्या जगापर्यंत. तो तारेतून आहे. नळाचेच पाहा ना. नळाला पाणी नाही, तर एक तर नळात काही अडकले असेल, नाही तर टाकीच कोरडी असेल. टाकी कोरडी असताना नळाची चावी पिळून काय उपयोग?

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: घरातल्या दुसऱ्या कोणाचा फोन चालतो का? चालत असेल तर टाकीत पाणी आहे, खोट तुमच्या नळात आहे. कोणाचाच चालत नसेल तर आपला फोन खाली ठेवा आणि डब्याकडे पाहा.

हल्ली बहुतेक ठिकाणी डब्यात येणारी तार तांब्याची नसते, काचेची असते. आतली काच केसाएवढी बारीक असते. तिच्यातून उजेड धावतो आणि तोच निरोप आणतो. ही तार तुटली की डब्यावर एल-ओ-एस या तीन अक्षरांजवळचा दिवा लाल होतो. मग घरात बसून काही होणार नाही. रस्त्यात कोणी चर खणला असेल, कोठे फांदी पडली असेल. कंपनीला कळवावे. तारेची घट्ट घडी घालू नये, तिच्यावर कपडे वाळत घालू नयेत. आणि उपटलेल्या तारेच्या टोकात डोकावून तर मुळीच पाहू नये. तिच्यातला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आता आपल्या फोनाकडे येऊ. डबा परका फोन आत घेत नाही. त्याला परवलीचा शब्द लागतो. यालाच पासवर्ड म्हणतात. तो कमीत कमी आठ अक्षरांचा असतो. डब्याच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर नाव आणि पासवर्ड पुष्कळदा छापलेले असतात. मात्र घरातल्या कोणी तो बदलला असेल तर कागदावरचा चालणार नाही. आधी घरात विचारून घ्यावे.

फोन अडतो तो बहुतेक येथेच. आमच्या गल्लीत शेतमजुरी करणाऱ्या एक बाई आहेत. साक्षरतेच्या वर्गात बसून दोन वर्षांत लिहायला वाचायला शिकल्या. त्यांनी मुलीसाठी जुना फोन घेतला. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, मुदतीला दोन दिवस उरले होते. दिराच्या घरी वायफाय होते, पण फोन काही जुळेना. तालुक्यातल्या एका दुकानदाराने फोन उलटासुलटा करून पाहिला आणि सांगितले, हा गेला, नवा घ्या. बाईंनी खतासाठी ठेवलेले पैसे काढले. सुदैवाने दुकानात जाण्याआधी त्या आमच्याकडे आल्या.

"गुरुजी, अक्षर न् अक्षर बघून लिहिलंय मी," त्या म्हणाल्या.

आम्ही म्हटले, "ताई, माझ्यासमोर एकदा लिहा बघू."

पासवर्ड लिहिण्याच्या चौकटीशेजारी डोळ्याचे चित्र असते. ते दाबले की ठिपक्यांऐवजी खरी अक्षरे दिसतात. दाबून पाहिले तर सगळी अक्षरे मोठ्या लिपीत! बाईंना वर्गात इंग्रजीची मोठी लिपीच तेवढी शिकवली होती. कागदावर लहान लिपीतले अक्षर आले की त्या ते ओळखीच्या मोठ्या लिपीत लिहीत. त्यांच्या दृष्टीने अक्षर तेच होते. आपल्या मराठीत क म्हणजे क. त्यात लहान क आणि मोठा क नाही. पण यंत्राला हे कोण सांगणार? यंत्राच्या हिशेबात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. मोठ्या ए चा क्रमांक ६५, लहान ए चा ९७. यंत्र क्रमांक ताडून पाहते. जुळला नाही की दार बंद. बाईंनी लहान अक्षरे लहान लिपीत लिहिली आणि फोन झटक्यात जुळला. खताचे पैसे खताला राहिले.

दुसरेही फसवे ठिकाण आहे. इंग्रजी ओ आणि शून्य सारखेच दिसतात. लहान एल आणि एक हा आकडा यांतही भल्याभल्यांचा घोटाळा होतो. काही फोन पहिले अक्षर आपणहून मोठे करतात. कधी शेवटी मोकळी जागा पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण यंत्राच्या हिशेबी तेही एक अक्षरच. आणि कळफलक मराठी असेल तर आकडे मराठी उमटू शकतात. इंग्रजी पाचाचा क्रमांक ५३ आहे, आपल्या मराठी पाचाचा २४११. पाच ते पाच असे यंत्र म्हणत नाही.

पासवर्ड बरोबर आहे, पण यादीत डब्याचे नावच दिसत नाही, असेही होते. डबे बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतात. एक २.४ गिगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, म्हणजे ५०० कोटी. दुसरी वेगवान आहे, पण भिंत आली की लवकर दमते. पहिली दूर जाते. जुने आणि स्वस्तातले पुष्कळ फोन, तसेच घरावर बसवायचे काही कॅमेरे, फक्त पहिलीच ओळखतात. यादीत एकाच डब्याची दोन नावे दिसली आणि एकाच्या शेवटी पाच असेल, तर जुन्या फोनासाठी दुसरे निवडावे. (हा पाच आणि मोबाईलच्या मनोऱ्याचा फाईव्ह-जी यांचा काही संबंध नाही. लोक उगाच घोळ करतात.)

जागेचाही विचार करावा. आपल्याकडच्या जाड दगडी भिंती, पत्रा, लोखंडी कपाट, पाण्याचे पिंप, हे सारे लहरी अडवतात. डबा कपाटामागे दडवू नये, उंचावर मोकळा ठेवावा. आणि फोन जुळतो का हे आधी डब्याजवळ उभे राहून पाहावे, गोठ्यातून नव्हे.

एवढे करूनही जमले नाही तर फोनातल्या यादीत डब्याच्या नावावर जाऊन 'विसरा' हे दाबा आणि सगळे नव्याने लिहा. पासवर्ड बदलला असेल तर फोन जुनाच घोकत बसतो, म्हणून हे करायचे. मग फोन बंद करून सुरू करा. डब्याचीही वीज काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा. डबा जागा व्हायला काही मिनिटे लागतात, लगेच हाकाटी करू नका. फोन जुळला, पण काहीच उघडत नाही, असे झाले तर फोनातली तारीख पाहा. तारीख चुकली की पुष्कळ ठिकाणे उघडत नाहीत.

एक गोष्ट मात्र करू नका. डब्याच्या मागे सुई जाईल एवढे भोक असते. पोरे त्यात टाचणी खुपसतात. ती दाबून धरली की डबा सगळे विसरतो, कंपनीने भरलेली माहितीसुद्धा. मग एक फोन अडला होता, तिथे सारे घर अडते, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत वाट पाहावी लागते.

कंपनीला फोन करायचा झाला तर तिच्या पावतीवरचाच क्रमांक लावावा. कोणता दिवा लाल आहे, दुसरे फोन चालतात का, हे आधी कागदावर लिहून ठेवावे. "वायफाय दुरुस्त करतो" म्हणून कोणी आपणहून फोन केला आणि बँकेचा ओटीपी मागितला, किंवा फोनात काही उतरवून घ्या म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.