गंज आतून येतो

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांहून जास्त वय मिळत नाही, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी कायद्यानं संपली. वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले, लोकांनी शेवटचे फोटो काढले. पण वयाच्या नियमानं संपल्या त्या थोड्या. त्याआधी कितीतरी गंजानं संपल्या होत्या, त्यांच्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत.

आता उरल्यात त्या खासगी गाड्या. कुणाच्या वडिलांची, कुणी हौसेनं शोधून आणलेली. इंजिनाची चिंता त्यांच्या मालकांना फारशी नसते. १०८९ सीसीचं ते साधं इंजिन कुठलाही जुना मेकॅनिक डोळे मिटून उघडतो, आणि सुटे भाग कुठून ना कुठून मिळतात. गाडी अडते ती पत्र्यावर. म्हणून अशा गाडीचं खरं भवितव्य मेकॅनिकच्या हातात नसतं, ते डेंटरच्या हातात असतं. या माणसाला आपण उगाच ‘ठोकाठोकी करणारा’ समजतो. गंजलेली गाडी वाचवणं हे त्याचं सगळ्यात अवघड काम आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या, मग फियाट आली. इथे १९६४ पासून बनू लागलेली ११०० डी ही इटलीत १९६६ मध्येच बंद झाली; आपल्याकडे ती आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी होऊन शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यावर आखलेली बॉडी, समुद्राकाठच्या शहरात, तीस-पस्तीस वर्षं जवळजवळ तशीच. गंजाला याहून चांगलं आमंत्रण देता आलं नसतं.

या बॉडीची एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जीप किंवा ट्रकला खाली जाड चेसिस असते आणि वर बॉडी बसवलेली असते. जीपचा फ्लोअर कुजला तर पाय ओले होतात, गाडी मोडत नाही. फियाटला अशी वेगळी चेसिस नाहीच. फ्लोअर, दाराखालची पोकळ पट्टी, जिला गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात, चाकांवरच्या कमानी, छताचे खांब हे सगळं मिळून एक पेटी होते, आणि ही पेटीच सगळा भार उचलते. अ‍ॅम्बॅसॅडर तशीच आणि मारुती ८००सुद्धा तशीच. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही पातळ. त्याला बळ येतं ते घड्यांमुळे आणि पोकळ्यांमुळे. नेमक्या त्याच घड्या आणि पोकळ्या गंजाला आवडतात.

असं का, याचं उत्तर एका थेंबात आहे. केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून दाखवलं होतं की गंजण्याची क्रिया थेंबभर सारखी होत नाही. थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू सहज पोचतो, मध्यभागी कमी पोचतो. जिथे प्राणवायू कमी, तिथलं लोखंड विरघळतं. म्हणजे थेंबाच्या पोटात खड्डा पडतो आणि तांबडी पूड थोडी बाजूला जमते. गाडीत हेच होतं. उघड्यावरचा पत्रा पावसात भिजतो आणि वाळतो. दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेलं पाणी मात्र तिथेच बसतं, तिथे हवा पोचत नाही, आणि खोदकाम सुरू होतं. त्यात गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो जोड आतून फाकवतो, फटीत आणखी पाणी शिरतं. बाहेर रंगाला पहिला फुगा येतो तेव्हा आतली बाजू बहुतेक संपलेली असते.

किनाऱ्यावर यात मिठाची भर पडते. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की पाणी ओढून ओलं होतं, हे पावसाळ्यातल्या मिठाच्या बरणीवरून आपल्याला माहीत आहे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरी, अलिबाग, वर्सोवा, कुठेही घ्या, हवा इतकी कोरडी वर्षात क्वचितच होते. म्हणजे पाऊस नसतानाही पत्र्यावरचा खारट थर ओलाच राहतो. मासळी वाहणाऱ्या टेंपोंची मागची बाजू पाहा. बर्फाचं खारट पाणी रोज ठिबकून ती लेससारखी झालेली असते.

पुराचा मार वेगळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिन धुतलं, सीट वाळवल्या, कार्पेट बदललं. रनिंग बोर्डाच्या पोकळीत शिरलेला गाळ कुणी काढला? तो काढायला जागाच नसते. असा गाळ ओल धरून बसतो आणि वर्षानुवर्षं आपलं काम करत राहतो.

आता तपासणी. चांगला डेंटर गाडीचा रंग बघत नाही, रंग तर कालच मारलेला असू शकतो. तो आधी रबरी मॅट उचलतो आणि त्याखालचा नमदा. ओलसर कुबट वास आला तर अर्धं उत्तर मिळालं. मग पेचकसाच्या मुठीनं पत्र्यावर टिचक्या मारत जातो. निरोगी पत्रा ठणकतो, कुजलेला बद्द बोलतो, आणि मागे पुट्टी असेल तर आवाज मेलेला येतो. पुट्टीची खात्री करायची तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवायचं. जिथे ते पकड सोडतं तिथे लोखंड नाही, पुट्टी आहे. त्यानंतर पेचकसाचं टोक. गंजलेल्या जागी ते जरा जोर देऊन दाबायचं. मालक इथे हमखास कळवळतो, ‘अहो, भोक पडेल!’ भोक पडलं तर ते आधीच होतं.

जागा ठरलेल्या आहेत. दाराचा तळ, कारण दाराच्या आत काचेवरून पाणी उतरतंच आणि ते बाहेर पडायला ठेवलेली भोकं धुळीनं बुजतात. पुढच्या काचेच्या रबराखालची कड. डिक्कीत स्टेपनी ठेवायचा खोलगा. बॅटरीखालची ताटली, तिथे पाण्याबरोबर आम्लही सांडतं. छताच्या कडेची पन्हळ, त्यातही जिथे सामानाच्या कॅरिअरचे पाय आवळले होते तिथे. जुन्या टॅक्सीत ही जागा फार वाईट. मडगार्डच्या आत हेडलाइटच्या मागे चिखलाचा लगदा साचतो, कोकणात तो जांभ्याचा असतो आणि लाल असल्यानं त्यातला गंज ओळखूही येत नाही.

पण या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची परीक्षा जॅकची. गाडी जॅकवर चढवायची आणि दार उघडून बंद करायचं. जमिनीवर नीट लागणारं दार आता अडलं, किंवा दाराच्या वरची फट बदलली, तर बॉडी वाकते आहे. जॅकची जागाच आत दबली तर बोलायलाच नको. मग गाडी खड्ड्यावर घेऊन खालून बघायचं: मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बॉडीला जोडलेत ती जागा, पुढच्या सस्पेन्शनचे आधार, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट, सीटचे पाय. आणि ब्रेकच्या नळ्या. लोखंडी ब्रेकनळी बाहेरून गंजते, एके दिवशी जोरात ब्रेक दाबताना फुटते. दार कुजलं तर लाज जाते, नळी फुटली तर जीव जातो. पण गिऱ्हाईक पैसे दारावर खर्च करायला तयार असतं, हा डेंटरचा रोजचा अनुभव.

दुरुस्तीचा पहिला नियम कुणालाच आवडत नाही: कापा. गंजलेल्या पत्र्यावर काही लावून तो बरा होत नाही. फॉस्फरिक आम्लाचे गंज-बदल द्रव मिळतात, ते वरवरच्या तांबूस थराचं काळपट फॉस्फेट करतात आणि तेवढ्यापुरते उपयोगी आहेत. चाळणी झालेल्या पत्र्याला त्यांचा काही उपयोग नाही. ग्राइंडर घेऊन चकचकीत निरोगी धातू लागेपर्यंत मागे यायचं. बोटाएवढ्या फुग्यामागे वीतभर पत्रा जातो. इथे मालक आणि डेंटर यांच्यात दरवेळी वाद होतो आणि दरवेळी डेंटर बरोबर असतो.

रनिंग बोर्ड कापायचा असेल तर त्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे-तिरपे वेल्ड करून आधार द्यावा लागतो. हे न करता कापलं की गाडी मध्ये झोळते, नवा पत्रा त्या झोळलेल्या मापाला बसतो आणि दारं पुन्हा आयुष्यात नीट लागत नाहीत. एका बाजूचं काम पूर्ण करूनच दुसरीला हात घालायचा. मग पुठ्ठ्याचा साचा काढायचा, त्याबरहुकूम सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा कापायचा, हातोडी आणि डॉलीवर घड्या पाडायच्या. तयार पॅनल आता सहसा मिळत नाही. कुर्ल्यात सीएसटी रोडवर भंगारातून चांगली कापलेली बाजू मिळाली तर नशीब. याच कुर्ल्यात गाडी जन्माला आली होती.

वेल्डिंगचा प्रश्न नाजूक. जुने हात गॅसवर काम करायचे आणि फार सुरेख करायचे, पण गॅसची उष्णता पसरते, पातळ पत्रा ओढला जातो आणि त्याला लाटा येतात. आता सीओटू वेल्डिंग सगळीकडे झालंय, ते बरं. पण तिथेही घाई नको. एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे, मधल्या काळात पत्रा निवू द्यायचा, असं करत शेवटी सगळा जोड सलग करायचा. वेल्डिंग सुरू करण्याआधी बॅटरीची तार काढायची, सीट आणि नमदा बाहेर, पेट्रोलची टाकी खाली उतरवून दूर. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ असते. झिंक चढवलेला पत्रा वापरणार असाल तर वेल्डच्या कडेचं झिंक आधी घासून काढा. त्याचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

आणि मग तो भाग, जो दिसत नाही आणि म्हणूनच गाळला जातो. नव्या पत्र्याची आतली बाजू. वेल्डिंगच्या उष्णतेनं मागचा रंग जळालेला असतो, तिथला धातू उघडा पडलेला असतो. जोडावर सीलर, उघड्यावर झिंकचं प्रायमर आणि पोकळीत लांब नळीनं मेणाचा फवारा, एवढं केलं नाही तर नवं काम जुन्याहून लवकर कुजतं. आपल्याकडे त्याऐवजी जळकं ऑइल फासायची पद्धत आहे. ते पाणी अडवतं हे खरं, पण रबरी बुश खराब करतं, धूळ धरतं आणि रस्त्यावर गळतं. त्याहून वाईट म्हणजे गंज न काढता वरून मारलेलं डांबरी अंडरकोटिंग. काळंभोर, नवं, तुकतुकीत. आणि आत ओल कोंडून ठेवणारं. विकायच्या गाडीला ताजं अंडरकोटिंग दिसलं तर मी सरळ संशय घेतो, तुम्हीही घ्या.

ब्रिटनमध्ये १९६० पासून गाड्यांची एमओटी तपासणी होते. तिथला एक नियम आपल्याकडे यायला हवा असं मला वाटतं. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सीटबेल्ट जिथे बॉडीला जोडलेत, त्या जागेच्या ३० सेंटिमीटरच्या आत ताकद घटवणारा गंज असेल तर गाडी नापास. तपासनीस बोटानं दाबतो, हलकेच ठोकतो, खरवडतो. फायबरचं किंवा पुट्टीचं ठिगळ तिथे चालत नाही, वेल्डिंगच हवं. दाराच्या तळाला भोक आहे की नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५००० रुपये झाली. फी वाढली, पण रंगाखालचा पत्रा कुणी दाबून बघितला असं मालकाच्या तोंडून सहसा ऐकू येत नाही.

सगळ्याच गाड्या वाचवाव्यात असंही नाही. फ्लोअर, दोन्ही रनिंग बोर्ड आणि डिक्की गेली असेल तरी जिद्दीचा माणूस उभी करतो. पण छताचे खांब तळाशी आणि सस्पेन्शनचे आधार दोन्ही गेले असतील तर ती गाडी सुट्या भागांसाठी ठेवावी आणि दुसरी चांगल्या बॉडीची शोधावी. खराब इंजिनाची पण कोरड्या पत्र्याची गाडी, मग ती लातूर-सोलापूरकडे शेडमध्ये धूळ खात पडलेली का असेना, किनाऱ्यावरच्या चालत्या चकचकीत गाडीपेक्षा केव्हाही घ्यावी.

ज्यांची जुनी गाडी आज धड आहे त्यांना एवढंच सांगणं. फोटोसाठी ती काशीदच्या किंवा मुरूडच्या वाळूत घालू नका. घातलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालून धुवा, फक्त वरून नव्हे. मे महिन्यात मॅट काढून फ्लोअर उन्हात तापू द्या. आणि पावसाळ्याआधी चारही दारांच्या तळाची भोकं काडीनं मोकळी करा. काम दहा मिनिटांचं आहे आणि फुकट आहे.