भार पडला की धरते, भार काढला की सुटते

पेण तालुक्यातल्या गडबसारख्या गावात किंवा कोकणातल्या कोणत्याही वाडीत माडावर चढणारा गडी नीट पाहा. पुष्कळदा त्याच्या दोन्ही पावलांत दोरीचे एक कडे असते. पावले खोडाच्या दोन बाजूंना टेकलेली असतात आणि कडे त्यांना फाकू देत नाही. त्यामुळे शरीराचा भार जितका अधिक, तितकी पावले खोडावर अधिक दाबली जातात व तितके घर्षणही वाढते. भार हातांवर घेऊन पाय वर ओढले, की पकड सुटते.

पण खोडाऐवजी नुसता लोंबता दोर असेल तर? त्यावर पाऊल कुठले ठरणार! इथे हेच काम गाठीकडून करवून घेतात. ऑस्ट्रियातील संगीताचे अध्यापक व गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 साली अशी एक गाठ प्रसिद्ध केली. सह्याद्रीतले गिर्यारोहकही ती वापरतात.

ती तुम्हीही बांधून पाहा. करंगळीएवढा जाड दोर खिडकीच्या गजाला बांधून खाली सोडा. त्याच्या निम्म्या जाडीची दीड मीटर दोरी घेऊन टोके पक्की बांधा, म्हणजे तिचे कडे होईल. कड्याचे एक टोक दोरावर आडवे धरा. दुसरे टोक दोराच्या मागून फिरवून पहिल्या टोकाच्या फासातून काढा. असे तीनदा करा. प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्यांच्या आत, शेजारी बसला पाहिजे. वेढे एकमेकांवर चढले तर गाठ बिघडली म्हणून समजा. आता ती आवळून तिला दप्तर अडकवा. दप्तर जागचे हलणार नाही! ते काढून वेढे बोटांनी जरा सैल करा, गाठ वर-खाली सहज सरकेल.

हे कसे होते? खुंटाला दोरीचे वेढे दिले की घर्षणाचा परिणाम बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. हे गणित अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडले. घर्षणांक 0.25 धरला, तर एका वेढ्याने आपल्या हाताच्या ओढीच्या सुमारे 5 पट ताण थोपवता येतो, दोन वेढ्यांनी 23 पट आणि तीन वेढ्यांनी तब्बल 111 पट. धक्क्याला लागलेली होडी एकटा खलाशी धरून ठेवतो तो याच जोरावर. मात्र मुळात ओढच नसेल तर? शून्याला 111 ने गुणले तरी शून्यच! भार काढताच गाठ का सरकते, ते आता ध्यानात येईल. खरी गाठ खुंटाइतकी सरळ नसते. भाराखाली मुख्य दोरही थोडा वाकतो, चिमटला जातो आणि पकड आणखी वाढते.

चढणारा अशा दोन गाठी बांधतो, एक कमरपट्ट्याला आणि एक पायासाठी. पायाच्या कड्यात उभे राहून कमरेची गाठ वर सरकवायची, मग तिच्यावर बसून पायाची. सुरवंट काडीवर चढतो ना, तसेच हे!

गाठीची मर्यादा मात्र जीवावर बेतू शकते. कड्याची दोरी मुख्य दोराइतकीच जाड असली, तर वेढे पुरेसे चावत नाहीत. दोर चिखलाने माखला तरी तेच. भाराखालची गाठ वेगाने घसरली तर घर्षणाने उष्णता निर्माण होते, आणि नायलॉन सुमारे 220 ते 260 अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून आपला प्रयोग दप्तरापुरताच ठेवा. स्वतः लटकू नका. तीनऐवजी एक वेढा घेऊन, मग दोन घेऊन, आणि शेवटी दोर ओला करून पाहा. किती पुस्तकांना गाठ सरकली, ते प्रत्येक वेळी वहीत लिहा.