परिभ्रमण आणि प्रतीक्षा

इसवी सन २००० ते २०१० या दशकात ज्यांनी आपला डेस्कटॉप संगणक सुटे भाग आणून स्वतः जुळवला, त्यांच्यापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहत असे : प्रोसेसर दरसाल अधिक वेगवान होत आहे, रॅमही वाढत आहे, आणि तरीही विंडोज सुरू होण्यास किंवा एखादा जड प्रोग्रॅम उघडण्यास इतका विलंब का लागावा? दोष हार्ड डिस्ककडे जातो हे बहुतेकांना उमगले होते. परंतु डिस्कच्या कोणत्या गुणाची उणीव आपणांस भोवते आहे, याविषयी त्या काळी मोठा संभ्रम होता, आणि दशकातील बहुतेक प्रयोग या संभ्रमापोटीच झाले, असे माझे मत आहे.

आयबीएमने १९५६ साली रॅमॅक यंत्राबरोबर जी पहिली डिस्क दिली, तीत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, त्या मिनिटाला १२०० फेरे घेत, आणि सर्व मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे साठवीत. पुढे आकार हाताच्या पंजाएवढा झाला, धारणशक्ती अफाट वाढली; कार्यपद्धती मात्र तीच राहिली. भुजेच्या टोकाचे हेड प्रथम योग्य वर्तुळावर जाते, आणि मग हवी ती जागा फिरत फिरत त्याच्याखाली येईपर्यंत थांबते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा, म्हणजे सरासरी अर्ध्या फेऱ्याची प्रतीक्षा सव्वाचार मिलिसेकंदांच्या आतबाहेर. तीत भुजेच्या प्रवासाचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले, की एकूण बारा-तेरा होतात, आणि तेवढ्या अवधीत ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची साडेतीन कोटींहून अधिक आवर्तने होऊन जातात. विंडोज सुरू होताना डिस्ककडे मागणी येते ती विखुरलेल्या असंख्य लहान फाइलींची, आणि प्रत्येक मागणीला ही प्रतीक्षा नव्याने भरावी लागते.

खोक्यावर मात्र ही प्रतीक्षा ठळक छापलेली नसे. तेथे सेकंदाला १३३ आणि, २००३ साली साटा ही नवी जोडणी आल्यावर, १५० मेगाबाइट हे आकडे असत, जे जोडणीच्या क्षमतेचे होते, चकतीच्या नव्हे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील संगणकबाजारात गिऱ्हाइकाची पहिली विचारणा किती जीबी अशी असे, आणि मर्यादित पैशांत ती रास्तच होती. पण वेगाचा हिशेब तीतून सुटत नव्हता.

अशा वेळी अनेक डिस्का एकत्र जोडण्याच्या 'रेड' या पद्धतीची मोहिनी पडली. १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडविषयी जो निबंध मांडला, त्याचा हेतू असा, की महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्का एकत्र तैनात कराव्यात, आणि एखादी निकामी झाली तरी दस्तऐवज शाबूत राहावा. त्यांनी वर्णिलेल्या पाच प्रकारांत पुढे रेड झीरो म्हणून ओळखला गेलेला प्रकार नव्हताच. कारण त्यात संरक्षणाची काहीच तरतूद नसते, मजकुराचे तुकडे करून ते दोन डिस्कांवर आळीपाळीने लिहिले जातात, एवढेच. ॲबिटच्या केटी७-रेडसारख्या मदरबोर्डांनी २००० च्या सुमारास, आणि इंटेलच्या आयसीएच५आर चिपने २००३ साली, ही सोय घरोघरी पोहोचवली. दफ्तरखान्यातील कागदांचा एक भला मोठा रुमाल दोन कारकुनांनी अर्धा अर्धा उचलून आणला तर तो लवकर येतो, पण एकच चिठ्ठी हवी असेल तर ज्याच्या वाट्याला ती येईल त्याला तेवढेच अंतर चालावे लागते. तद्वत व्हिडिओचे संपादन करणाऱ्यांस रेड झीरोमुळे जवळजवळ दुप्पट वेग मिळाला, आणि इतरांस फारसा लाभ झाला नाही. मोबदला मात्र सर्वांनाच द्यावा लागे : एका डिस्कची वर्षभरात बिघडण्याची शक्यता शंभरात पाच धरली, तर दोहोंपैकी एक बिघडून सर्वच मजकूर जाण्याची शक्यता शंभरात पावणेदहा होते. मूळ पाच प्रकारांतील रेड पाचने पडताळणीचा मजकूर जोडून संरक्षण दिले, पण लहानशा लेखनासाठी जुना मजकूर व जुनी पडताळणी वाचणे आणि दोन्ही पुन्हा लिहिणे अशी चार कामे लावली. डेस्कटॉपवर ती निवड मला कधीच पटली नाही.

नेमके निदान केले ते वेस्टर्न डिजिटलच्या रॅप्टरने. २००३ साली आलेली ही डिस्क अवघी ३६ जीबीची, पण मिनिटाला दहा हजार फेरे घेणारी. अर्ध्या फेऱ्याची प्रतीक्षा तीन मिलिसेकंद, आणि भुजाही चपळ. विंडोज व प्रोग्रॅम रॅप्टरवर, चित्रे-गाणी-कागदपत्रे मोठ्या स्वस्त डिस्कवर, आणि बॅकअप त्याहून वेगळा, ही तजवीज दोन डिस्कांच्या रेड झीरोपेक्षा सरस होती, हे मी आजही आग्रहाने सांगेन. ज्यांना रॅप्टर परवडत नसे, ते साध्या डिस्कच्या आरंभीच्या भागात लहान पार्टिशन करून विंडोज तेथे ठेवीत. हा आरंभीचा भाग बाहेरील वर्तुळांत असतो; तेथे प्रत्येक फेऱ्यात अधिक मजकूर मावतो आणि भुजेचा प्रवासही आखूड होतो.

२००८ मध्ये रॅप्टरच्याच वंशातील ३०० जीबीची व्हेलॉसिरॅप्टर आली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इंटेलची ८० जीबीची एक्स२५-एम ही सॉलिड स्टेट ड्राइव्ह. या दुसरीत फिरणारे काहीच नव्हते. सलग लेखनात तिची गती सेकंदाला ७० मेगाबाइट, म्हणजे व्हेलॉसिरॅप्टरहून स्पष्टपणे कमी. परंतु वाचनाची प्रतीक्षा मिलिसेकंदाच्या दशांशाहूनही अल्प असल्याने संगणक हुकमासरशी उत्तर देऊ लागला. किंमत तेव्हा सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती, पण ती उतरत गेली तसतशी फिरती चकती बॅकअपच्या व मोठ्या संग्रहाच्या कामी रवाना झाली, आणि रेडही तेथेच, बिघाडातून मजकूर वाचवण्याच्या आपल्या मूळ कामावर, रुजू झाले.